आधी पाय दाखवा

डॉ. कर्णिकबाईंनी माझा चेहरा नीट पाहिला तो ओळख झाल्यावर बऱ्याच दिवसांनी. पाय मात्र पहिल्याच दिवशी पाहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकतीच दातांची डॉक्टर झाले होते आणि कोपरखैरण्यात दवाखान्यासाठी जागा शोधत होते. बोनकोडे गावाकडून माथाडींच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाईंचा दवाखाना होता आणि त्यातली मागची खोली त्यांना भाड्याने द्यायची होती. मी दाराशी चपला काढून आत गेले, तर बाई माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे दाराकडे बघत होत्या.

"डावी चप्पल बाहेरच्या बाजूने जास्त झिजलीय," त्या म्हणाल्या. "नेहमीच अशी झिजते की अलीकडे?"

"नेहमीच," मी म्हटलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग भाड्याचं बोलणं चहा येईपर्यंत संपलंसुद्धा.

बाई बुटक्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि चष्मा कायम हरवलेला. कारण चष्म्याच्या घरात चष्मा नसायचाच, तिथे नादकाटा असायचा. शाळेत विज्ञानाच्या तासाला दाखवतात तो दोन पायांचा लोखंडी काटा, आपटला की गुणगुणणारा. सर्दी असो, पोटदुखी असो, मुलाचा दाखला असो, बाई आधी म्हणायच्या, "आधी पाय दाखवा." काटा स्वतःच्या तळहातावर आपटायचा, त्याचं देठ समोरच्याच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचं आणि विचारायचं, "थरथर लागतेय? थांबली की सांगा." त्यानंतर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचं आणि आपण दोन्ही हात पसरून, कबड्डीत असतात तसं, पडलाच तर झेलायला तयार राहायचं. समोरचा माणूस त्यांच्या दुप्पट उंचीचा असला तरी.

बोनकोड्याच्या बायका त्या काट्याला चिमटा म्हणायच्या. एक म्हातारी दर हिवाळ्यात सर्दी घेऊन यायची आणि दर वेळी माझ्याकडे तक्रार करायची, "नाकातशी पानी गलतंय माजे, न ही बाय पाय बगते!" बाई तिला आतून ओरडून सांगायच्या, "आजी, तुम्हाला काही होत नाही. तुम्ही रोज मासळी खाता. पण दाखवा तरी."

कारण हा सगळा खटाटोप एका जीवनसत्त्वासाठी होता, बी-ट्वेल्व्हसाठी. ते मटण, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं, भाजी-भाकरीत नसतं. कमी पडलं की अंगातलं रक्त कमी होतं हे सगळे डॉक्टर शिकतात. पण त्याच वेळी आत मज्जातंतू सुकत जातात, आणि त्याची सुरुवात पायांच्या अंगठ्यांपासून होते. थरथर कळेनाशी होते. माणूस चालतो, जिना चढतो, हसतो, आणि पायांतली जाण मुकाट्याने निघून चाललेली असते. वेळेत कळलं तर ती परत येते, उशिरा कळलं तर येत नाही. "माणसाला कळायच्या आधी काट्याला कळतं," बाई म्हणायच्या, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान नसायचा, धास्ती असायची. आत्ता या क्षणी या रस्त्यावरून कोणाचे तरी पाय निघून चाललेत आणि आपण इथे बसून चहा पितोय, अशी.

ही धास्ती कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या सासूबाई उपासांच्या मोठ्या. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. दूध आवडायचं नाही. पुढे पुढे तोंड धुताना बेसिन घट्ट धरायला लागल्या. घरात सगळे म्हणाले, वय झालं. "मीही तेच म्हटलं," बाई म्हणाल्या. "घरात डॉक्टर कोण, तर मी. त्या अंथरुणाला खिळल्यावर मी त्यांच्या पायाला काटा लावला."

तेव्हापासून तोंड धुण्याचा प्रश्न त्यांच्या जिभेवर असायचा. "तोंडाला साबण लावलात, डोळे मिटलेत, की तोल जातो का हो?" हे त्या लग्नाच्या पंगतीत विचारायच्या. सत्यनारायणाला गुरुजींना विचारायच्या. डोळे उघडे असले की नजर पायांचं काम सांभाळून घेते, डोळे मिटले की पायांचं बिंग फुटतं, असं त्यामागचं शास्त्र. हे ऐकल्यापासून मी घरी डोळ्यांवर साबण लावून उभी राहायला घाबरायला लागले आणि घाबरल्यामुळे खरंच डुलायला लागले. बाईंना सांगितलं तर हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. मला लगेच टेबलावर बसवलं आणि काटा आणला.

त्यांच्या हाताला गुण होता, पण जिवाला चैन नव्हतं. पेशंट गेल्यावर काहीतरी आठवून त्या त्याच्या मागे रस्त्यावर धावायच्या. रिक्षात बसलेल्या माणसाला उतरवून परत आणलेलं मी पाहिलंय. "बाई, तुम्ही स्वतःला फार टेन्शन देता," मी म्हणायचे. त्यावर, "मग कोणाला देऊ? त्यांना?" असं म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसलेल्यांकडे बोट दाखवायच्या. मला या स्वभावाचा राग यायचा. माझ्या खुर्चीत माणूस आ करून बसलेला आणि पुढच्या खोलीतून बाईंचा आवाज, "डोळे मिटा! मिटा म्हणते ना! पडणार नाही, मी आहे!" दात काढायला आलेला माणूस खुर्चीतच घट्ट डोळे मिटून घ्यायचा.

ज्ञानदेव शिंदे त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा मी दारातच होते. साताऱ्याकडचा माणूस, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. चाळिशीचा असेल. गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे मांस-मच्छी, अंडं सगळं वर्ज्य. पिवळाफटक पडला होता, गोणी उचलली की धाप लागायची. बाहेर टेम्पोत त्याची टोळी हॉर्न वाजवत थांबलेली. बाईंनी पाय पाहिले, काटा लावला. "लागतंय का?" "लागतंय, लागतंय." "आता?" "आता बी लागतंय." डोळे मिटून मात्र त्याला उभं करता आलं नाही, कारण हॉर्न थांबेना आणि तो "येतू बाई, उद्या येतू" म्हणत निघाला. बाईंनी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी असलेल्या माणसाला त्या काळी कोणीही डॉक्टर त्याच द्यायचा.

गोळ्यांनी जादू केली. दोनेक महिन्यांनी शिंदे आला तो लालबुंद होऊन, हातात पेढ्यांचा पुडा. रक्ताचा रिपोर्ट झकास. बाईंनी मलाही पेढा खायला बोलावलं. धाप नाही, चक्कर नाही, पुन्हा गोण्या उचलतोय. बाईंना इतकं निवांत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शिंदेने नमस्कार केला, दाराशी पायात चपला सरकवल्या आणि गेला.

बाई सवयीने दाराकडे बघत होत्या. दारात एक चप्पल पडली होती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

बाई उत्तर न देता उठल्या. मी त्यांच्यामागे बाहेर आले. शिंदे रस्त्याच्या कडेने चालला होता, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी, खडीवरून. त्याला पत्ताच नव्हता. मला आधी हसू आलं. मग बाईंचा चेहरा पाहिला. तो इतका पांढरा पडला होता की मी त्यांचा दंड धरला.

त्यांना जे कळलं ते मला पुढे त्यांनीच समजावलं. त्या गोळ्यांनी रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंचं उपाशीपण तसंच राहतं. वरून भिंतीला रंग दिला आणि आत वाळवी चालूच राहिली, असा प्रकार. उलट रक्त सुधारलं म्हणून कोणी आत बघतच नाही. म्हणजे त्या सुखाच्या दोन महिन्यांत शिंदेचे पाय गमावले जात होते, आणि पेढे आपण खाल्ले.

त्याला परत आणून टेबलावर बसवला. बाईंनी काटा हातावर आपटला आणि अंगठ्याला लावला. "लागतंय?" "लागतंय." दुसऱ्या पायाला लावला. "लागतंय, बाई." मग बाईंनी मी कधी न पाहिलेली गोष्ट केली. काटा आपटला, बोटांनी चिमटून तो गप्प केला आणि तसाच मुका काटा त्याच्या पायाला टेकवला.

"लागतंय?"

शिंदेच्या कपाळावर घाम आला होता. तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेत पोरगं मास्तरच्या तोंडाकडे बघतं तसा. "लागतंय की," तो म्हणाला.

"शिंदे, काटा बंद आहे."

तो आपल्या पायांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "बाई, पायाखाली कापूस हातरल्यागत वाटतंय. लई दिस झालं. पर न्हाई म्हनलो आसतो तर तुमी चिठ्ठीत ल्ह्यलं आसतं, आन् टोळीतनं नाव गेलं आसतं. मला दुसरं काय येतंय?"

बाई त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी त्याचा तो अनवाणी पाय मांडीवर घेऊन त्यात रुतलेली खडी काढायला सुरुवात केली. तो "आवं बाई, पाय नगा धरू, पाप लागंल" म्हणत पाय ओढत होता.

त्याच दिवशी रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला आणि रिपोर्टाची वाट न बघता बी-ट्वेल्व्हची लाल इंजेक्शनं सुरू केली. त्यातही त्याची शंका होतीच. "ह्यात मांसमच्छीचं काय न्हाई ना?" बाईंनी खरं ते सांगितलं, की हे जंतूंकडून बनवून घेतात. "जंतू म्हंजी जीवच की!" तो घाबरला. "दही खाता ना?" बाई म्हणाल्या. "दही कोण लावतं, तुमची बायको? तिच्या विरजणातही तेच असतात." यावर त्याने थोडा विचार केला आणि दंड पुढे केला.

रोज इंजेक्शन घेऊनही बरेच दिवस फरक दिसेना. बाई हैराण. रिपोर्ट आला तो त्यांना भीती होती तसाच. त्या मला सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "उशीर झालाय का गं? तुला काय वाटतं?" मला दातांपलीकडे काय कळणार! त्यांचं जेवण सुटलं. दुसऱ्या पेशंटचे पाय बघतानाही त्या दाराकडे कान देऊन असायच्या, शिंदेची चाल ऐकू येते का म्हणून. त्याचे पाय जमिनीवर जोराने आपटायचे. जमीन कुठे आहे ते कळत नसलं की माणूस पाय असा आपटत चालतो.

आणि एक दिवस शिंदे आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, पदर तोंडाला लावून. तिच्याकडून कळलं ते असं. वसाहतीतल्या विठ्ठलमंदिरात भजन झालं आणि शेवटी पसायदानाला सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. शिंदे उभ्याचा वीणेकऱ्याच्या अंगावर कोसळला. पसायदान थांबलं. टोळीचा मुकादम शिंदेच्याच गावचा, जुना माळकरी. तो सर्वांदेखत म्हणाला, "माळ घालून पितूस? माळ उतरव आधी." मार्केटात फळीवरून ट्रकवर चढताना शिंदे झुलतो, पहाटेच्या अंधारात चढायचं टाळतो, हे टोळीने आधीच पाहिलं होतं. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले.

"पेलेला न्हाई वो त्यो," बायको रडत होती. "आन् आता त्येनं दूद बी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"दूद. पांडुरंगाचा कोप झालाय म्हनतोय. त्येला दुदाची लई आवड, म्हून तेच सोडलं. पाय आल्याबिगर दुदाला शिवनार न्हाई म्हनतोय. आन् सुई बी नगं, आदी देवाचा राग जाऊ दे म्हनतोय."

आपल्याकडे नवसाला आवडीचाच पदार्थ सोडतात. माझ्या आईने आंबा सोडला होता. पण या माणसाच्या अन्नात ते जीवनसत्त्व थोडंफार तरी जिथून येत होतं अशी दूध हीच मुख्य वस्तू होती, आणि पाय परत यावेत म्हणून त्याने नेमकी तीच देवाला वाहिली होती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही की काही नाही. चष्म्याचं घर उचललं आणि मला म्हणाल्या, "चल."

मंदिरात संध्याकाळच्या भजनाची जमवाजमव चालली होती. मुकादम टाळ पुसत होता. बाई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "मुकादम, आधी पाय दाखवा."

मुकादमाला काय करावं कळेना. पण डॉक्टरीणबाईंना नाही कसं म्हणणार? त्यांनी त्याला काटा लावला, पाय जुळवून डोळे मिटून उभा केला. तो खांबासारखा उभा. मग शिंदेला घरातून बोलावून आणला. डोळे उघडे असताना तोही नीट उभा राहिला. "आता मिटा," बाई म्हणाल्या आणि हात पसरून उभ्या राहिल्या. शिंदे आधी हलला, मग झुलला, मग पडलाच, आणि बुटक्या कर्णिकबाईंसकट सतरंजीवर आला. मी आणि वीणेकरी धावलो.

बाई खाली बसल्या बसल्याच म्हणाल्या, "प्यायलेला माणूस डोळे उघडे ठेवूनही झुलतो. याला झुलायला डोळे मिटावे लागतात. देवासमोर तुम्ही सगळे डोळे मिटता, म्हणून हा इथेच पडला."

कोणी माफी वगैरे मागितली नाही. मुकादमाने काटा मागून घेतला, स्वतःच्या पायाला लावून पाहिला, मग शिंदेच्या पायाला लावला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "कायच कळंना व्हय रं?" त्याने हळूच विचारलं. शिंदेने मान हलवली. मुकादमाने त्याच्या हातात टाळ दिले आणि म्हणाला, "त्या खांबाला टेकून ऱ्हा."

राहिलं होतं दूध. नवस मोडा, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी शिंदेच्याच घरून तांब्याभर दूध मागवलं, विठ्ठलापुढे नैवेद्य दाखवायला लावलं आणि मग पेला शिंदेपुढे धरला. "हे दूध नाही आता, प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणता?" शिंदे पेल्याकडे आणि मूर्तीकडे आळीपाळीने बघत राहिला. ते लबाडीचं आहे हे त्यालाही कळत होतं, बाईंनाही. शेवटी मुकादमच म्हणाला, "पी की रं. मी बगतोय न्हवं?" तो प्यायला. पुढे रोज संध्याकाळी नैवेद्याला दूध जायला लागलं आणि सकाळी इंजेक्शनासाठी त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत आणायचं काम मुकादमाने आपणहून अंगावर घेतलं.

सुधारणा झाली, पण अगदी हळूहळू. नडगीपर्यंत चढलेला तो बधिर कापूस घोट्यापर्यंत उतरला, मग टाचेपर्यंत. अंगठे मात्र कधीच पूर्ण जागे झाले नाहीत. बाई त्याला कधी थरथरता काटा लावायच्या, कधी मुका, आणि तो आता खरं सांगायचा. एखाद्या दिवशी "न्हाई" म्हणताना त्याचा आवाज बसायचा. तेव्हा बाई पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधत राहायच्या. त्याला टोळीत बसून गोण्या शिवायचं काम दिलं. गोणी पाठीवर घेऊन फळीवर चढायचं नाही, जन्मभर नाही, हे बाईंनी त्याला आणि मुकादमाला बजावून ठेवलं. "उशीर केला मी," त्या मला म्हणायच्या. मी म्हणायचे, नाही केलात, तो चालतोय, नोकरी आहे, माळ गळ्यात आहे. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या. खरं सांगते, मला त्यांची दया यायची आणि वीटही यायचा.

पुढे काही वर्षांनी बाईंनी दवाखाना बंद केला. मुलगा पुण्याला होता, यजमान निवृत्त झाले होते. सामान हलवायच्या दिवशी सकाळी एक ट्रक आला आणि त्यामागून, कोणी न बोलावता, मुकादम आणि त्याची टोळी. बाईंनी पैशांचा विषय काढला तर मुकादमाने कानावर हात ठेवले. कपाटं, टेबल, मेडिकलच्या पुस्तकांच्या ट्रंका. ट्रकला फळी लावली. माणसं भराभर चढू-उतरू लागली. बाई रस्त्यावर उभ्या राहून प्रत्येकाच्या पायांकडे बघत होत्या.

आणि मी पाहिलं तर सर्वांत जड ट्रंक शिंदेच्या पाठीवर होती. कोणी चढवली, मुकादमाने बघितलं का नाही, काही कळलं नाही. तो फळीच्या तोंडाशी येऊन थांबला. खाली बघत पाय नेमका फळीवर ठेवला.

"अहो शिंदे!" बाई ओरडल्या. मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात घेतला, आवाजाने त्याची नजर हलेल म्हणून. आयुष्यभर लोकांच्या पायांकडे बघत आलेल्या बाई गर्रकन वळल्या आणि ट्रककडे पाठ करून उभ्या राहिल्या. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"कुठे आहे गं?"

"मधे आहे," मी म्हटलं. फळी वाकली होती. सगळी टोळी हातातलं काम टाकून थांबली होती.

"आता?"

ट्रंक ट्रकच्या लाकडावर आदळल्याचा आवाज झाला. "चढला, बाई! चढला!" मी म्हटलं. "बघा तरी, हसतोय तुमच्याकडे."

बाईंनी मनगट सोडलं नाही.

"उतरायचंय अजून त्याला," त्या म्हणाल्या, आणि तशाच पाठ करून उभ्या राहिल्या.